शिवसागरातल्या स्पीडबोटीला नवी इंजिनं बसवताना

जुन्या बोटीला नवं इंजिन घ्यायचं ठरलं की जो तो एकच विचारतो, "किती एचपीचं?" माझ्या लेखी हा प्रश्न बराच मागून येतो. आधी बोटीचं भरलेलं वजन, मग इंजिन ज्यावर टांगायचं ती मागची पाटी, आणि मग पंखा, म्हणजे प्रोपेलर. या तिन्हींची उत्तरं हातात असली की एचपीचा आकडा आपोआप समोर येतो. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि एक पूर्ण हंगाम त्याची भरपाई करत बसलो. तुमचा हंगाम वाचावा म्हणून हे सगळं लिहितोय.

माझी बोट १८ फुटी, फायबरची. बामणोलीला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर असते. तिला ७५ एचपीची दोन टू-स्ट्रोक इंजिनं होती, कार्ब्युरेटरवाली. ओढ झकास, पण पेट्रोल प्यायची आणि सकाळी चालू करताना धक्क्याभोवती पाण्यावर ऑइलचा इंद्रधनुषी तवंग पसरायचा. एका इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडलं. तीन सिलिंडरपैकी एकाचं रीडिंग बाकी दोघांपेक्षा २० टक्क्यांहून कमी आलं. दहा टक्क्यांच्या आतला फरक चालतो, त्यापुढे गेला की इंजिन उघडावं लागतं. उघडण्याचा खर्च ऐकला आणि दोन्ही बदलायची ठरवली.

काम कधी काढायचं

पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्यामुळे काम तेव्हाच काढावं असं कुणालाही वाटेल. पण महाबळेश्वर-तापोळ्याच्या पट्ट्यात पाऊस मिलिमीटरच्या हजारांत मोजतात. त्या दमट हवेत ओल्या पाटीवर रेझिन लावलं तर ते नीट धरत नाही, वरून कडक दिसतं आणि आतून चिकट राहतं. मी एप्रिलच्या शेवटी बोट ट्रेलरवर घातली, यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात आणली आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. फायबरचं काम वळवाच्या आधी संपवायचं, इंजिनाची जोडणी पावसाळ्यात शेडमध्ये निवांत करायची आणि चाचणी पाणी भरल्यावर, ऑक्टोबरात घ्यायची. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि बुडालेल्या झाडांची खोडं वर डोकावतात. नव्या इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग, पहिल्याच दिवशी खोडावर आपटायला नको.

वजन कागदावर मांडा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तरी कुणी करत नाही. माझा हिशोब असा होता: रिकामी बोट ४५० किलो, आठ माणसं सरासरी ६५ किलोने ५२० किलो, इंजिनं २३० किलो, ६० लिटर पेट्रोल ४५ किलो, आणि बॅटऱ्या, लाइफ जॅकेट, नांगर, दोर असं सटरफटर ५० किलो. एकूण १३०० किलोच्या आसपास.

आता वेगाचं गणित. पाण्यावर चढून पळणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या पटीत वाढत नाही. तो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट हवा तर ताकद चौपट लागते. हेच उलटं वाचलं तर फायद्याचं आहे. १५० एचपीवरून १२० वर आलं, म्हणजे ताकद २० टक्के कमी झाली, तर वेग फक्त १० टक्के घटतो. ठरावीक सूत्राने माझ्या बोटीचा वेग १५० एचपीला ताशी ६६ किलोमीटर आणि १२० ला ५९ निघाला. या सात किलोमीटरसाठी किती पेट्रोल जाळायचं आणि किती किलो लोखंड मागे टांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वजन महत्त्वाचं, कारण फोर-स्ट्रोक इंजिन त्याच एचपीच्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतं. ७५ चं जुनं टू-स्ट्रोक साधारण १२० किलोला असायचं. आजचं ६० चं फोर-स्ट्रोक जवळपास तेवढंच भरतं. त्याच एचपीची नवी जोडी घेतली असती तर बोटीच्या अगदी टोकाला बरंच वजन वाढलं असतं. टोकाला वाढलेला एक किलो मध्यावरच्या एका किलोपेक्षा जास्त छळतो. बोट मागे बसते, नाक वर करते, चढायला वेळ घेते आणि उभी असताना पाणी निघायच्या मागच्या भोकांतूनच पाणी आत येतं. म्हणून मी ६० ची दोन घेतली. जुनी काढण्याआधी बोट पाण्यात सोडून बाहेरून पाण्याच्या रेषेवर खुणा करून ठेवा, नंतर तुलनेला लागतात.

बोटीवर कमाल एचपी आणि माणसांचा आकडा लिहिलेला फलक असेल तर त्यापुढे जाऊ नका. इकडच्या बऱ्याच बोटी स्थानिक बांधणीच्या असतात आणि त्यांच्यावर असा फलकच नसतो. अशा वेळी बांधणाऱ्याकडून लेखी घ्या. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली. ते विसरता येत नाही, आणि ताकदवान इंजिन मागे असलं की "अजून दोघं बसतील" म्हणणं जास्तच सोपं होतं.

एक की दोन

यावर बामणोलीच्या धक्क्यावर तास-तास वाद होतात. दोनाऐवजी ११५ चं एकच घेतलं तर ते १७० किलोच्या आसपास बसतं, म्हणजे जोडीपेक्षा ६० किलो हलकं. पाण्यात दोनाऐवजी एकच पाय, त्यामुळे ओढ कमी. सर्व्हिसिंग एकाचं, पंखा एक. नुसत्या गणितात एकच जिंकतं.

पण शिवसागर म्हणजे छोटं तळं नाही. १९६४ साली कोयना धरण पूर्ण झालं आणि खोरंच्या खोरं पाण्याखाली गेलं. फुगवटा पन्नासेक किलोमीटर आत पसरलाय. वासोटा किल्ल्याच्या बाजूला माणसं सोडून परतताना वाटेत इंजिन बंद पडलं तर फोनला रेंज नसते आणि किनाऱ्यावर जंगल असतं. म्हणून मी दोनावर ठाम राहिलो. फक्त दोन असण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दोघांची टाकी, फिल्टर आणि बॅटरी वेगवेगळी असते. एकाच टाकीतून दोघांना पाजलं आणि टाकीत पाणी गेलं, तर दोन्ही एकदमच गप्प होतात. आणि एका इंजिनावर भरलेली बोट पाण्यावर चढत नाही हेही लक्षात ठेवा. ती ताशी दहा-बारा किलोमीटरने रांगत येते. तेव्हा रेस जास्त देऊ नका, इंजिन दमतं.

एकट्या इंजिनाचीच बोट करायची असेल तर शेजारी ८-१० एचपीचं छोटं इंजिन लावणं हाही चांगला मार्ग आहे.

मागची पाटी

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. बोटीची मागची उभी पाटी, म्हणजे ट्रान्सम, बाहेरून फायबरची दिसली तरी आत प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि प्लाय आतल्या आत कुजतं. बाहेरचा रंग मात्र नवाकोरा.

तपासायची पद्धत अशी. प्लास्टिकच्या हातोडीने पाटीवर बोटभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी ढप्प. मग इंजिन अर्धवट उचलून त्याच्या पायावर आपलं वजन टाका आणि दुसऱ्याला पाटीकडे बघायला सांगा. पाटी डोळ्याला हललेली दिसली तर विषय संपला. शंका उरली तर आतल्या बाजूने, अगदी खाली, ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलबरोबर येणारा भुसा चिमटीत धरा. कोरडा, फिकट भुसा म्हणजे ठीक. काळा, ओला आणि आंबूस वासाचा म्हणजे पाटी गेली.

माझी गेली होती. कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. आधीच्या कुणा फिटरने बोल्टला बाथरूमचं सिलिकॉन भरलं होतं. पाण्याखालच्या भोकांना ते काही कामाचं नाही, तिथे पॉलियुरेथेनचं मरीन सीलंटच लागतं.

दुरुस्तीसाठी आतला फायबरचा थर कापून काढला, कुजलेलं प्लाय खरवडलं आणि उरलेलं आठवडाभर पंख्याखाली सुकवलं. नवं प्लाय आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे मरीन प्लाय घ्या. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणून दुसरंच काहीतरी गळ्यात मारतात. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने एकमेकांना आणि बाहेरच्या थराला चिकटवले, वरून कापड आणि रेझिनचे थर चढवले. फायबरवाले सहसा पॉलिस्टर रेझिन वापरतात, ते स्वस्त पडतं. पण जुन्या, वाळलेल्या फायबरवर इपॉक्सीची पकड जास्त भरवशाची. जुन्या-नव्याचा सांधा उभा कापू नका, जाडीच्या बारा पट लांब उतार घासून घ्या. आमच्या फायबरवाल्याला एवढं घासायचा भारी कंटाळा. मीच ग्राइंडर हातात घेतला, आणि चार दिवस अंगाला खाज सुटली. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घालूनच घासा.

बोल्टची भोकं थेट पाडू नका. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १८ चं भोक पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, वाळू द्या आणि मग त्याच्या मधोमध नेमकं भोक काढा. आता बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार झाली. सीलंट कधी सुटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. मोठ्या आउटबोर्डांची, म्हणजे पाटीवर बाहेरून टांगायच्या इंजिनांची, भोकांची मापं बहुतेक ठरलेली असतात: वरच्या दोघांत ३२७ मिलिमीटर, खालच्या दोघांत २५१. त्यामुळे जुनी भोकं जुळण्याची शक्यता बरीच, पण नव्या इंजिनाचा कागदी साचा लावून बघितल्याशिवाय ड्रिल उचलू नका.

उंची, आणि जोडीतली एक मेख

इंजिनाच्या पायाची लांबी १५, २०, २५ इंच अशा मापांत येते. पाटीच्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत मोजायचं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती तळाच्या रेषेत किंवा जराशी वर यायला हवी. जास्त खाली गेली तर ओढ वाढते, जास्त वर गेली तर वळणावर पंखा हवा खातो आणि इंजिन नुसतं किंचाळतं.

मेख अशी की दोन इंजिनं असतील तर मोजमाप मधल्या कण्यापाशी घेऊन चालत नाही. बोटीचा तळ इंग्रजी व्ही-सारखा असतो. इंजिनं बाजूला सरकली की तिथला तळ वर असतो. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या मध्यरेषेवर, खाली असलेल्या तळापर्यंत मोजा. मी मध्यभागी मोजलं आणि पट्टी दीड इंच खाली आली. सगळं उतरवून पुन्हा बसवावं लागलं. दोन इंजिनांत किती अंतर हवं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बसवल्यावर एक पूर्ण वर उचलून आणि दुसरं खाली ठेवून सुकाणू दोन्हीकडे फिरवून बघा, डोकी एकमेकांवर आपटता कामा नयेत.

इंजिन उचलायला क्रेन लागत नाही. पाइपांची भक्कम तिवई, अर्ध्या टनाची चेन कप्पी आणि इंजिनावरचा उचलायचा हुक एवढं पुरतं. दोरीने पायाला बांधून उचलू नका.

सुकाणू, बॅटरी, पेट्रोल

जुनी सुकाणूची केबल चालू आहे म्हणून ठेवू नका. १२० एचपी मागे असताना मी हायड्रॉलिकवर गेलो, आणि दोन इंजिनांना जोडणारा दांडा घट्ट बसवून घेतला. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकलेली असली पाहिजे. ती डॅशबोर्डवर लोंबकळताना दिसते, ती काय शोभेची वस्तू आहे?

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या नव्या, इंजेक्शनच्या इंजिनाला व्होल्टेज स्थिर लागतं. स्टार्टर फिरताना ते पडलं की कॉम्प्युटर रुसतो आणि इंजिन उगाच बंद पडतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी इथे चालत नाही. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली, स्टार्टरला एकदम झटका लागतो. प्रत्येक इंजिनाला मरीन स्टार्टिंग बॅटरी, जाड तांब्याची वायर आणि गरजेपुरतं दोघांना जोडणारं स्विच ठेवा. बॅटऱ्या पुढे सरकवल्या तर वजनही सुधारतं, मात्र वायर लांबली की ती जाडही करावी लागते.

पेट्रोलचा प्रश्न आता गंभीर आहे. पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची असते. घेण्याआधी विक्रेत्याकडून याबद्दल लेखी उत्तर घ्या. वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन तेच पहिल्यांदा ओढतं. म्हणून प्रत्येक इंजिनाला पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, इथेनॉलला टिकणारे नवे पाइप, आणि पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी. जुन्या रबरी पाइपांचा आतला थर सुटतो आणि इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो.

फायद्याचं सांगायचं तर पूर्ण रेसवर ६० च्या एका फोर-स्ट्रोकला तासाला २० लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, माझं जुनं ७५ चं ३० च्या घरात जायचं. निम्म्या रेसवर हा फरक अजून वाढतो.

कागद

इंजिन बदललं की नोंदणीतलं वर्णन बदलतं. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आहे. महाराष्ट्रात नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून होते. इंजिनांचे नंबर, बिल आणि पाटीच्या दुरुस्तीचे फोटो जोडून आधी कळवा, मग बसवा. विमा कंपनीलाही. प्रवासी नेत असाल तर विक्रेत्याला ते स्पष्ट सांगा. व्यावसायिक वापराची वॉरंटी वेगळी आणि बहुधा कमी मुदतीची असते. हा वापर लपवून घेतलेली वॉरंटी कामाच्या दिवशी उपयोगाची नसते.

पंखा: सगळा खेळ इथे

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदोपत्री किती पुढे जाईल ते. वेगाचं गणित: इंजिनाचे आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअरचं गुणोत्तर. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. त्यातून १० ते १५ टक्के घसरण वजा करा.

माझी इंजिनं १५ पिचचे पंखे लावून आली. किनारपट्टीवर तेच चालतात म्हणे. ऑक्टोबरात आठ माणसं बसवून पूर्ण रेस दिली तर आरपीएम ४९०० च्या पुढे जाईना. पुस्तिकेत ५००० ते ६००० हवेत असं लिहिलेलं. बोट नाक वर करून फरफटत होती. मी विक्रेत्याला फोन लावून इंजिनाच्या नावाने शिमगा केला. धक्क्यावरचा एक म्हातारा लाँचवाला बघत होता. तो म्हणाला, "इंजनाला दोष न्हाई सायेब, पंखा मोठ्ठा पडतोय. हितली हवा इरळ हाय."

तो बरोबर होता. शिवसागर भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटरवर असते. तिथे हवा साधारण ६ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाची ताकदही तेवढीच घटते. ६० चं इंजिन इथे ५६ चं होतं. इंजेक्शनचं इंजिन पेट्रोलचं मिश्रण आपोआप जुळवून घेतं, पण नसलेली हवा कुठून आणणार?

पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. मी १३ चे पंखे लावले. आरपीएम ५३०० वर आले. १.८३ गिअरला सूत्राने ताशी ५७ किलोमीटर निघतात, घसरण वजा जाता जीपीएसवर ५० दिसले. आधी १५ च्या पंख्यावरही ४९ च मिळत होते. म्हणजे वरच्या वेगात फरक जवळपास शून्य, पण भरलेली बोट आता निम्म्या वेळात पाण्यावर चढते आणि इंजिन कण्हत नाही. वजनाच्या गणिताने सांगितलेले ५९ कधीच दिसले नाहीत. विरळ हवा, दोन पायांची ओढ आणि जुन्या बोटीच्या सांदीत मुरलेलं पाणी, तिघांनी मिळून ते खाल्ले.

म्हणून चाचणी नेहमी पूर्ण भरलेल्या बोटीने घ्या. एकट्याने पळवून बघितलेले आकडे फसवे असतात. आणि रिकाम्या बोटीत आरपीएम वरच्या मर्यादेच्या बाहेर जात नाहीत ना, तेही तपासा.

स्टीलचा पंखा वेगाला चांगला, तो वाकत नाही. पण नेमकं तेच मला नको होतं. खोडावर आपटल्यावर ॲल्युमिनियमचा पंखा वाकतो आणि धक्का पोटात घेतो. स्टीलचा तसाच राहतो आणि धक्का गिअरला देतो. मी ॲल्युमिनियमचे लावले आणि एक जादा पंखा, पाना, खिळा असं बोटीतच ठेवलंय.

गंज अडवणारे ॲनोडही बघून घ्या. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियमचे लागतात. समुद्रासाठीचे जस्ताचे इथे झिजतच नाहीत, म्हणजे कामच करत नाहीत.

पहिले वीस तास

पहिला तास २००० आरपीएमच्या आसपास, आरपीएम मधूनमधून बदलत. दुसऱ्या तासात ३००० ते ४०००, अधूनमधून मिनिटभर पूर्ण रेस. पुढचे आठ तास पूर्ण रेस सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिका ऐका. पहिल्या दहा तासांत प्रवासी घेऊ नका, कारण प्रवासी बसले की पोरं "अजून जोरात" म्हणतात आणि हात आवरत नाही.

दर वेळी चालू केल्यावर मागून पाण्याची पिचकारी येते का बघा. पाणी खाली गेल्यावर गाळ खेचला जातो आणि पाणी ओढणारा आतला रबरी इम्पेलर झिजतो. मी तो दरवर्षी बदलतो.

२० तासांना इंजिन ऑइल, फिल्टर आणि गिअर ऑइल बदला. इंजिन ऑइल बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या एफसी-डब्ल्यू शिक्क्याचं हवं, गाडीचं नको. पाटीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवीन फायबर थोडं दबतं. गिअर ऑइल सोडताना चुंबकाच्या स्क्रूवर बारीक करडी पेस्ट दिसेल, ती ठीक. चकत्या दिसल्या तर वॉरंटीत दाखवा. आणि ऑइल दुधासारखं आलं तर पंख्यामागचं सील बघा. तिथे बहुतेक वेळा मासे पकडायच्या जाळ्याची नायलॉनची तार गुंडाळलेली सापडते.